पीळ उलगडताना

भिवंडी तालुक्यातल्या वळ गावात आता भाताच्या खाचरांपेक्षा गोदामे जास्त दिसतात, आणि गोदाम म्हटले की सुतळी आलीच. गठ्ठे बांधून उरलेले तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. पावसाळ्यात माझा पुतण्या असाच एक हातभर तुकडा घेऊन घरी आला. तो बारावीत आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात डीएनएच्या प्रतिकृतीचा धडा चालू होता आणि दोन धागे झिपसारखे उघडतात हे वाक्य त्याला पटत नव्हते. सुतळी दोन पदरी होती. तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून तो दुसऱ्या टोकाचे दोन्ही पदर दोन हातांनी ओढू लागला. वीतभर सुतळी सुटली, पण पुढचा भाग असा आवळला की तिच्यावर गाठीसारखे वळसे उभे राहिले.

"काका, पुढचं सुटतच नाही."

"गजाचं टोक मोकळं करून बघ."

टोक मोकळे होताच सुतळी गरगर फिरली आणि पदर अलग झाले. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण पेशीत टोक मोकळं नसतं ना?"

नसते. हीच शंका १९५३ नंतर जगातल्या उत्तमोत्तम शास्त्रज्ञांनी काढली होती. त्या वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपदरी रचना मांडली. तिच्यामागे रोझालिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांच्या प्रयोगशाळेतली क्ष-किरण चित्रे होती. डीएनएच्या चार अक्षरांत ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. एक पदर माहीत असला की दुसरा आपोआप ठरतो, तेव्हा नक्कल कशी होत असेल हे त्या रचनेतच दिसत होते. शाळेत आपण इथेच थांबतो. माझे मत असे की या जोड्यांनी प्रश्नाचा सोपा अर्धा भाग सोडवला. नंतरची सत्तर वर्षे पिळामुळे, पदरांच्या उलटसुलट दिशांमुळे आणि प्रचंड लांबीमुळे पेशीपुढे जे घोळ उभे राहतात, ते ती कसे निस्तरते हे शोधण्यात गेली. डीएनएची नक्कल म्हणजे मुख्यतः हे निस्तरणे.

पिळाची अडचण मॅक्स डेलब्रुक यांना इतकी मोठी वाटली की पदर जागोजाग तुटून नव्या-जुन्या तुकड्यांचे मिश्रण होत असावे असे त्यांनी सुचवले. म्हणजे तीन शक्यता झाल्या. जुने दोन पदर एकत्र राहतात आणि नवे दोन वेगळे बनतात. किंवा प्रत्येक प्रतीत एक पदर जुना, एक नवा. किंवा सगळीच सरमिसळ. १९५८ साली कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी याचा निकाल लावला. त्यांनी ई. कोलाय जिवाणू आधी जड नायट्रोजनवर अनेक पिढ्या वाढवले, मग एकदम साध्या नायट्रोजनवर आणले. त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवला की जड डीएनए खाली आणि हलका वर थर धरतो. एका पिढीनंतर एकच थर दिसला, बरोबर मध्ये. दोन पिढ्यांनंतर निम्मा मध्ये, निम्मा वर. प्रत्येक प्रतीत एक जुना आणि एक नवा पदर असल्याशिवाय असे होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी हर्बर्ट टेलर यांनी बाकल्याच्या मुळांच्या टोकांत किरणोत्सारी थायमिडिन घालून गुणसूत्रांतही असेच घडते हे दाखवले होते.

पण सुतळीचे काय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. डीएनएत साधारण दर साडेदहा अक्षरांमागे एक पूर्ण फेरा असतो. ई. कोलायमध्ये नक्कल सेकंदाला सुमारे १००० अक्षरांनी पुढे सरकते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ शंभर फेरे उलगडायचे, आणि त्यांचा डीएनए तर गोल कड्यासारखा, मोकळे टोकच नाही. याचे उत्तर १९७१ मध्ये जेम्स वांग यांना सापडलेल्या आणि पुढे टोपोआयसोमरेज नाव मिळालेल्या विकरांत होते. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट यांनी त्यांतले गायरेज शोधले. गायरेज डीएनएचे दोन्ही पदर तोडते, तुटलेली टोके घट्ट धरून ठेवते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग आरपार काढते आणि टोके पुन्हा जोडते. पुतण्याने गजाची गाठ सोडली. पेशी सुतळीच कापून पुन्हा सांधते, आणि सांधा दिसतही नाही. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन नेमके इथे घाव घालते. तोडून झाले, जोडायचे राहिले, अशा अवस्थेत ते गायरेजला अडकवून ठेवते आणि जिवाणूचा डीएनए तुटका राहतो. कर्करोगावरचे इटोपोसाइड आपल्या पेशींतल्या याच जातीच्या विकराला असेच अडकवते.

दुसरा घोळ दिशेचा, आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. डीएनएच्या दोन पदरांना दिशा असते आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ मध्ये सेंट लुईस येथे डीएनए लिहिणारे विकर, म्हणजे पॉलिमरेज, वेगळे काढले. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे विकर एकाच दिशेने लिहू शकते. मग पदर अलग होण्याची जागा, म्हणजे काटा, जसजसा उघडत जातो तसतसा एक पदर सरळ लिहिला जाईल, पण दुसऱ्यावर विकराला उलटे, काट्यापासून दूर जावे लागेल. ते होते कसे?

उत्तर जपानमधल्या नागोया विद्यापीठातून आले. राइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पतिपत्नींनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिवाणूंना फक्त काही सेकंद किरणोत्सारी थायमिडिन दिले आणि लगेच काम थांबवले. त्या क्षणभरात बनलेला नवा डीएनए हजार-दोन हजार अक्षरांच्या तुटक तुकड्यांत सापडला. थोडा जास्त वेळ दिला की तेच तुकडे लांब साखळीत सामावलेले दिसत. सांधणारे लायगेज विकर बिघडलेले असले की तुकडे साठून राहत. म्हणजे दुसरा पदर मागे-मागे, तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो आणि नंतर जोडला जातो. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या छोट्या टोकाने होते, ते टोक मागाहून काढून टाकले जाते. माणसाच्या पेशीत हे तुकडे आणखी लहान, शंभर-दोनशे अक्षरांचे असतात. एका विभाजनात त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात जाते. राइजी हिरोशिमाचे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. १९७५ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. त्सुनेको यांनी काम पुढे चालू ठेवले. डीएनए कसा लिहिला जातो हे शोधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या डीएनएवर त्या बॉम्बने काय लिहून ठेवले होते, हा विचार मनातून जात नाही.

पण उलट दिशेने लिहिणारे विकर निसर्गाने केलेच का नाही? याचे पटणारे उत्तर चुका खोडण्याशी जोडलेले आहे. साखळीत नवे अक्षर जोडायला लागणारी ऊर्जा येणारे अक्षर स्वतःबरोबर घेऊन येते. चुकीचे अक्षर बसले तर विकर ते कापून टाकते आणि पुढचे अक्षर आपली ऊर्जा घेऊन येते. काम अडत नाही. उलट दिशेने लिहायचे असते तर ऊर्जा साखळीच्या टोकाला असली असती, आणि चुकीचे अक्षर कापताना ती गेली असती. मग पुढे काही जोडताच आले नसते. खोडायची सोय राहावी म्हणून पेशीने तुकड्यांचा व्याप पत्करला.

या विकरांची गोष्टही सरळ नाही. कोर्नबर्ग यांचे विकर म्हणजेच मुख्य लेखक अशी सगळ्यांची समजूत होती. १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहकारी पॉला डी लुशिया यांनी हजारो जिवाणू-वसाहती तपासून असा एक जिवाणू काढला ज्यात ते विकर जवळजवळ नव्हते, आणि तो मजेत वाढत होता. त्या जनुकाच्या नावात पॉलाच्या नावाचा धागा आहे. मग खरा लेखक कोण? तो शोधणाऱ्यांत कोर्नबर्ग यांचाच मुलगा टॉम होता. तोवर तो चेलो वाजवायला शिकत होता. तिसऱ्या क्रमांकाचे पॉलिमरेज हा मुख्य लेखक निघाला. वडिलांनी शोधलेले विकर दुरुस्तीचे आणि तुकड्यांच्या आरएनए टोकांच्या जागा भरण्याचे काम करते. मुख्य लेखकाच्या जोडीला पदर अलग करणारे हेलिकेज, सुरुवातीचे टोक लिहिणारे प्रायमेज आणि पॉलिमरेज निसटू नये म्हणून डीएनएभोवती बसणारे कडे, असा जथा असतो. पाठ्यपुस्तकात तो घड्याळासारखा चालताना दाखवतात. २०१७ मध्ये कोवाल्चिकोव्स्की यांच्या गटाने एकेका रेणूवर नजर ठेवली तेव्हा दोन पदरांवरची पॉलिमरेजे एकमेकांशी ताळमेळ न ठेवता थांबत, निघत, वेग बदलत चालताना दिसली. मला हे चित्र जास्त खरे वाटते.

आता लांबी. माणसाच्या एका पेशीत दोन्ही संच धरून सुमारे ६४० कोटी अक्षरे आहेत. सरळ केली तर दोन मीटर. आपल्या पेशीतला काटा सेकंदाला ५० अक्षरांच्या आसपास सरकतो. सर्वांत मोठ्या, पहिल्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरे आहेत. मधोमध एकच आरंभ करून दोन्ही बाजूंनी निघाले तर एक गुणसूत्र संपायला जवळजवळ महिना लागेल. प्रत्यक्षात सगळे काम आठ तासांच्या आसपास आटोपते, कारण आरंभबिंदू हजारोंच्या संख्येने असतात. माशीच्या कोवळ्या भ्रूणात तर ही नक्कल तीन-चार मिनिटांत होते. ई. कोलायपुढे वेगळाच पेच असतो. नकलेला ४० मिनिटे लागतात, पण पोषण भरपूर असेल तर जिवाणू २० मिनिटांत दुभंगतो. एक नक्कल पुरी व्हायच्या आधीच तो दुसरी सुरू करतो. नात आईच्या पोटात असतानाच पणतीचे काम लागलेले असते.

अनेक आरंभबिंदू म्हटले की लगेच धोका येतो. हजारो ठिकाणी काम सुरू होणार, पण एकही जागा दोनदा सुरू होता कामा नये आणि एकही राहता कामा नये. १९९२ मध्ये स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी यीस्टमध्ये आरंभबिंदू ओळखणारा प्रथिनसंच शोधला. युक्ती अशी की पेशी आधी प्रत्येक आरंभावर हेलिकेज बसवून ठेवते, पण चालू करत नाही. नक्कल सुरू झाली की नवे बसवणे बंद. म्हणजे परवाने आधी वाटायचे, वापर सुरू झाला की परवान्यांची खिडकी बंद करायची. २०१५ मध्ये डिफ्ली यांच्या गटाने यीस्टचे हे सारे काम शुद्ध केलेल्या प्रथिनांनी परीक्षानळीत घडवून आणले. यीस्टमध्ये आरंभाचे ठरावीक अक्षरक्रम असतात. माणसात तसे सापडत नाहीत. आपल्या पेशी कुठून सुरू करायचे हे नेमके कशावरून ठरवतात, हा आज या क्षेत्रातला एक मोठा उघडा प्रश्न आहे.

अचूकतेचा हिशेब मला पानांत मांडावासा वाटतो. पानाला दोन हजार अक्षरे धरली तर ६४० कोटी अक्षरांची ३२ लाख पाने होतात, म्हणजे तीनशे पानांची दहा हजारांवर पुस्तके. केवळ जोडी जुळवून लिहिले तर लाखात एक चूक होते. एका विभाजनात ६४,००० चुका. पॉलिमरेज लिहिता-लिहिता स्वतःच खोडते, आणि आकडा शेकड्यांवर येतो. मग तिसरी फळी येते, ती नुकत्याच लिहिलेल्या पदरावर विजोड अक्षरे शोधते. जुना पदर कोणता आणि नवा कोणता हे तिला कळावे लागते, नाहीतर ती बरोबर अक्षरच बदलेल. ई. कोलायमध्ये जुन्या पदरावर मिथाइलची खूण असते आणि नव्यावर ती पडायला थोडा वेळ लागतो. त्या अवधीत तपासणी होते. पॉल मॉड्रिच यांना या कामासाठी २०१५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. शेवटी दहा हजार पुस्तकांत जेमतेम काही चुका उरतात. ही तिसरी फळी जन्मतः अधू असेल तर मोठ्या आतड्याचा कर्करोग घराण्यात पिढ्यान् पिढ्या फिरतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

चुका वाढवायच्या कशा हे गोदामांच्या पट्ट्यात रोज दिसते. तळहातावर तंबाखू आणि चुना, अंगठ्याने मळणे, ओठाखाली चिमूट. तंबाखूतली नायट्रोसामाइने ग्वानिनला मिथाइलची शेपटी लावतात. ती लागलेले ग्वानिन पॉलिमरेजला ॲडेनिनसारखे भासते आणि समोर चुकीचे अक्षर बसते. पुढच्या विभाजनात चूक कायमची होते. गालाच्या आतल्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून तिथे हे लवकर भोवते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी त्याच काळात अभ्यासला, डीएनएची रचना कळायच्या आधीपासून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी आमच्या फाट्यावर पुड्यांचा खच पडलेला असतो आणि तो पाहून मला राग येतो.

एका अक्षराची किंमत किती, हे नंदुरबारच्या भिल्ल-पावरा आणि गडचिरोलीच्या गोंड-माडिया वस्त्यांना विचारावे. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिन जनुकात एका ॲडेनिनच्या जागी थायमिन आहे, एवढेच. या आजारावर दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया मुळात नक्कल अडवणारे औषध. ते पेशीतला अक्षरांचा पुरवठा तोडते. सिकलसेलमध्ये त्याच्यामुळे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि वेदनांचे झटके कमी होतात. शेजारच्या उल्हासनगरच्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचा प्रश्न मोठा. सिंधी कुटुंबांत त्याच्यामागे बरेचदा ६१९ अक्षरे गळालेली असतात.

टोकांबद्दल थोडक्यात. सरळ गुणसूत्राच्या अगदी टोकाचा तुकडा लिहायला सुरुवातच करता येत नाही, म्हणून दर विभाजनात टोक झिजते. अलेक्सी ओलोवनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये हे तर्काने सांगितले. टोके पुन्हा वाढवणारे टेलोमरेज विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरॉल ग्रायडर यांनी शोधले. जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. शरीरातल्या बहुतेक पेशींत हे विकर बंद असते, बहुतेक कर्करोगांत मात्र चालू.

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी आहे. जिवाणूंचे मुख्य पॉलिमरेज आणि आपले मुख्य पॉलिमरेज यांचे नातेच नाही. दोघांची हेलिकेजेही वेगवेगळ्या पदरांवरून, उलट दिशांनी धावतात. आनुवंशिक संकेत सगळ्या सजीवांचा जवळजवळ एक, प्रथिने बनवण्याची पद्धत एक, आणि नक्कल करणारे यंत्र मात्र दोन घराण्यांचे. डीएनएची नक्कल सृष्टीत दोनदा शोधली गेली, की एकाने जुने यंत्र टाकून विषाणूंकडून नवे घेतले? कूनिन आणि अरविंद यांच्या गटाने १९९९ मध्ये हा प्रश्न नेटाने मांडला. वाद अजून मिटलेला नाही.

आमच्या भिवंडी तालुक्यातच तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. लहानपणी तिथे पाय बुडवताना मी किंचाळत असे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या अशाच, पण कितीतरी तप्त झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू मिळाला. त्याचे पॉलिमरेज उकळीजवळच्या तापमानातही टिकते. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या पीसीआरला पुढे हेच विकर लाभले. डीएनए तापवला की पदर अलग होतात, हेलिकेज नको. थंड केला की पॉलिमरेज लिहिते. दर फेरीला दुप्पट, तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर प्रती.

क्षयरोगाच्या तपासणीत आता हेच तंत्र आहे. सीबीनॅटचे यंत्र साधारण दोन तासांत थुंकीतला जंतूचा डीएनए ओळखते. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट तेच काम चिपवर करते. दोन्ही यंत्रांना जंतूवर रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही हेही सांगता येते. सीबीनॅट त्यासाठी एका जनुकाचा ८१ अक्षरांचा भाग पाहते. क्षयाचा जंतू ४४ लाख अक्षरांची नक्कल करायला आणि दुभंगायला जवळजवळ दिवस घेतो. विजोड अक्षरे शोधणारी नेहमीची तिसरी फळी त्याच्याकडे नाही, तरी त्याच्या चुका इतर जिवाणूंइतक्याच कमी. त्याचे पॉलिमरेज खोडण्याचे काम आपल्याच एका वेगळ्या भागाने करते असे २०१५ मध्ये कळले, आणि नुक्स नावाचे वेगळे दुरुस्ती-विकर २०१७ मध्ये. एवढी अचूकता असूनही दहा कोटी जंतूंत एक रिफाम्पिसिनला न जुमानणारा निघतो आणि दहा लाखांत एक आयसोनियाझिडला. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणून या आजारात एकच औषध कधीच देत नाहीत. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू निघायची शक्यता या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतकी दुर्मीळ. सुरुवातीला तर चार औषधे एकत्र देतात.

आमच्या घराशेजारच्या गोदामात गठ्ठे उचलणाऱ्या एकाला मार्चमध्ये तीन आठवडे खोकला होता. सरकारी दवाखान्यात थुंकी दिली, दुसऱ्या दिवशी कागद आला: जंतू आहेत, रिफाम्पिसिन चालेल. महिन्याभरात खोकला थांबला, वजन वाढले आणि त्याने मला विचारले, "दादा, बरा झालो, आता गोळ्या कशाला?" मी सांगितले की जे जंतू भराभर वाढत होते ते मेले, उरलेत ते निजलेले, जे सध्या नक्कलच करत नाहीत, आणि त्यांनाच सहा महिने लागतात. त्याने ते किती मनावर घेतले कळले नाही. पण गोदामाच्या दाराशी, वजनकाट्याच्या वर, सुतळीने टांगलेल्या कॅलेंडरवर तो रोज एक फुली मारतो. काल मोजल्या, एकशे बारा झाल्या होत्या.